पडद्याचे पुनर्रेखन (संगणक)

पडद्याचे पुनर्रेखन म्हणजे संगणकाच्या पडद्यावरील एखाद्या खिडकीचा झाकला गेलेला, पुसला गेलेला किंवा कालबाह्य झालेला भाग संबंधित आज्ञावलीने पुन्हा रेखाटणे होय. व्यवहारात या क्रियेला 'रीड्रॉ', 'रिपेंट' किंवा नुसते 'रिफ्रेश' असे म्हणतात. पडद्याचे यंत्र दर सेकंदाला ६० किंवा अधिक वेळा चित्र उजळवते, त्यालाही 'रिफ्रेश' असेच म्हटले जाते. परंतु ती पूर्णतः वेगळी, यंत्रपातळीवरील क्रिया आहे.

पुनर्रेखन वेळेवर झाले नाही, किंवा चुकीच्या भागावर झाले, तर खिडकीत जुन्या अक्षरांचे अवशेष राहतात, चौकटी अर्धवट दिसतात, मजकूर लुकलुकतो किंवा संपूर्ण खिडकी पांढरी पडते. अशा दोषांत संगणकाच्या स्मृतीतील माहिती बहुधा बरोबर असते, फक्त पडद्यावरील चित्र तिच्याशी जुळत नाही. तरीही हे दोष केवळ दिसण्यापुरते मानता येत नाहीत. नोंदी भरणारी व्यक्ती स्मृती पाहू शकत नाही. ती पडदाच पाहते आणि त्यावर विसंबून पुढची कळ दाबते.

पार्श्वभूमी

१९८४ साली आलेल्या ॲपल मॅकिंटॉश संगणकाचा पडदा ५१२ × ३४२ चित्रबिंदूंचा, केवळ काळा-पांढरा होता. अशा एका पडद्याच्या चित्राला २१,८८८ बाइट लागत, तर संगणकाची एकूण स्मृती १२८ किलोबाइट होती. एकमेकींवर पसरलेल्या चार-पाच खिडक्यांची संपूर्ण चित्रे साठवून ठेवायची म्हटले असते, तर बाकी कामाला जागा उरली नसती. त्यामुळे त्या काळातील अनेक चित्रमय प्रणालींनी साधारण एकच तोडगा स्वीकारला: खिडकीचे चित्र साठवायचे नाही, तिचा भाग उघडा पडला की ज्या आज्ञावलीची ती खिडकी आहे तिलाच तेवढा भाग पुन्हा काढायला सांगायचे. कोणता भाग उघडा पडला हे नेमके काढण्यासाठी बिल ॲटकिन्सन यांच्या क्विकड्रॉ या संचातील 'क्षेत्र' ही संकल्पना वापरली जाई. एमआयटीमध्ये १९८४ साली सुरू झालेल्या एक्स विंडो प्रणालीत याच कामासाठी 'एक्सपोज' हा संदेश आहे. मायक्रोसॉफ्ट विंडोजच्या १९८५ च्या पहिल्या आवृत्तीत कामाच्या खिडक्या एकमेकींवर न पसरता शेजारी-शेजारी मांडल्या जात. १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून त्या एकमेकींना झाकू लागल्या.

आज १९२० × १०८० चित्रबिंदूंच्या रंगीत पडद्याच्या एका चित्राला सुमारे ८ मेगाबाइट लागतात आणि तेवढी स्मृती सहज उपलब्ध असते. स्मृतीची टंचाई संपली, तरी तिच्यामुळे निर्माण झालेला करार मात्र टिकून आहे. खिडकीत काय काढायचे याची जबाबदारी आजही आज्ञावलीचीच असते.

पुनर्रेखनाची यंत्रणा

विंडोजमधील पद्धत या कराराचे नमुनेदार उदाहरण आहे. आज्ञावलीने माहिती बदलली की खिडकीचा अमुक आयताकृती भाग आता ग्राह्य नाही, असे ती इनव्हॅलिडेटरेक्ट या आज्ञेने जाहीर करते. या जाहीर करण्याने पडद्यावर काहीच बदलत नाही. संचालन प्रणाली असे भाग एकत्र करत राहते आणि खिडकीच्या रांगेतील इतर बहुतेक संदेश संपल्यावर डब्ल्यूएम_पेंट हा संदेश देते. त्याला उत्तर देताना आज्ञावली बिगिनपेंट व एंडपेंट या दोन आज्ञांच्या मध्ये प्रत्यक्ष रेखाटन करते. बिगिनपेंट रेखाटन अग्राह्य भागापुरते मर्यादित ठेवते, तसेच तो भाग पुन्हा ग्राह्य झाल्याची नोंदही करते. ही आज्ञा विसरली गेल्यास नोंद होत नाही आणि तोच संदेश अखंड येत राहतो. अशा आज्ञावलीत पडदा ठीक दिसतो, परंतु काही काम चालू नसतानाही प्रोसेसर व्यग्र राहतो.

इतर संचांत नावे बदलतात, तत्त्व तेच राहते. क्यूटीमध्ये अपडेट ही विनंती असते व अनेक विनंत्या एकत्र करून एकदाच रेखाटन होते; रिपेंट मात्र तत्काळ रेखाटन करते. जावाच्या स्विंगमध्ये नावांचा अर्थ नेमका उलट भासतो: तेथे रिपेंट ही नुसती विनंती आहे. एका संचातून दुसऱ्यात आलेल्या नवशिक्या आज्ञावलीकारांचा येथे हमखास गोंधळ होतो. डॉट नेटच्या विंडोज फॉर्म्समध्ये इनव्हॅलिडेट ही विनंती, अपडेट म्हणजे थांबलेली विनंती आता पूर्ण करणे, आणि रिफ्रेश म्हणजे दोन्ही एकदम.

दोषांची कारणे

सर्वांत सामान्य दोष विनंतीच न करण्याचा असतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि वसई तालुका त्यात समाविष्ट झाला. पत्ता भरण्याच्या एखाद्या आज्ञावलीत जिल्ह्याच्या चौकटीत 'ठाणे' ऐवजी 'पालघर' निवडल्यावर तालुक्यांची यादी बदलली, परंतु तालुक्याच्या चौकटीसाठी पुनर्रेखनाची विनंती केली नाही, असे समजा. स्मृतीत नव्या यादीतील 'डहाणू' निवडलेला असेल, पडद्यावर मात्र आधीचा 'शहापूर' दिसत राहील. खिडकी लहान करून पुन्हा मोठी केली की 'डहाणू' प्रकट होतो. त्यामुळे असा दोष 'कधी होतो, कधी होत नाही' या सदरात टाकला जातो.

दुसरा दोष रेखाटनाच्या संदेशाबाहेर रेखाटन करण्याचा आहे. बटण दाबल्याबरोबर थेट पडद्यावर रेघ ओढली, तर ती त्या क्षणी दिसते. परंतु पुढच्या पुनर्रेखनात ती नाहीशी होते, कारण त्या वेळी ती पुन्हा काढावी हे कोठेही नोंदलेले नसते.

तिसरा प्रकार खिडकी गोठण्याचा. रेखाटनाचे संदेश ज्या थ्रेडवर येतात त्याच थ्रेडवर आज्ञावलीने मोठे काम सुरू केले, उदाहरणार्थ हजारो नोंदी वाचणे किंवा जाळ्यावरून उत्तर येण्याची वाट पाहणे, तर ते काम संपेपर्यंत एकही संदेश हाताळला जात नाही. विंडोज एक्सपीच्या काळात अशा खिडकीवरून दुसरी खिडकी ओढली की मागे तिच्या प्रतिमांची रांग उमटे, ती याच कारणाने. सुमारे पाच सेकंद प्रतिसाद न देणारी खिडकी विंडोज स्वतःच फिकट प्रतिखिडकीने झाकते व शीर्षकात 'प्रतिसाद देत नाही' असे दाखवते.

लुकलुकणे हा वेगळाच प्रकार आहे. तेथे पुनर्रेखन होते, किंबहुना जास्तच होते. आधी पार्श्वभूमी पुसायची आणि मग मजकूर काढायचा, या दोन पायऱ्यांमधील कोरी अवस्था क्षणभर पडद्यावर उमटते व डोळ्यांना जाणवते.

विंडोजमध्ये एक फसवा दोष लेखण्या, कुंचले व टंक परत न करण्याने उद्भवतो. जीडीआय या रेखाटनसंचातील अशा वस्तूंची मर्यादा दर आज्ञावलीस सामान्यतः १०,००० असते. प्रत्येक पुनर्रेखनात एक कुंचला घेऊन तो सोडला नाही, तर सकाळी व्यवस्थित चालणारी आज्ञावली दुपारनंतर काळे डाग आणि गायब झालेली चिन्हे दाखवू लागते. संगणक पुन्हा सुरू केल्यावर ती 'बरी' होत असल्याने दोष पुष्कळदा यंत्रावर ढकलला जातो.

देवनागरी मजकुराचे पुनर्रेखन

पुनर्रेखनाची बहुतेक पाठ्यपुस्तकी उदाहरणे रोमन लिपीची असतात. त्या लिपीत नवे अक्षर टंकले की बदल साधारणतः कर्सरच्या उजवीकडे होतो. त्यामुळे कर्सरपासून ओळीच्या शेवटापर्यंतचा भाग अग्राह्य ठरवणे पुरते. देवनागरीत हे गृहीतक टिकत नाही आणि मराठीतील कित्येक दोष नेमके येथे जन्मतात.

वसई-विरार परिसरातील स्थलनामे यासाठी सोयीची उदाहरणे आहेत. युनिकोडमध्ये 'विरार' हा शब्द व, पहिली वेलांटी, र, काना, र या क्रमाने साठवला जातो. 'व' टंकल्यावर तो ओळीच्या आरंभी उमटतो. त्यानंतर वेलांटी टंकली की ती 'व'च्या डावीकडे बसते व 'व' उजवीकडे सरकतो. म्हणजे बदल कर्सरच्या मागे झाला. आज्ञावलीने कर्सरच्या उजवीकडचाच भाग पुन्हा काढला, तर आधीचा 'व' जागेवर तसाच राहतो आणि त्याच्या पुढे सरकलेल्या 'व'चा फक्त उजवा कडेचा तुकडा, म्हणजे त्याचा दंड, उमटतो. 'व' आणि दंड मिळून पडद्यावर जवळजवळ 'वा' दिसतो. साठवलेला शब्द 'विरार' आहे, वाचला जाणारा 'वारार'. टंकणारी व्यक्ती चूक झाली असे समजून अक्षर खोडते आणि पुन्हा टंकते, आणि खोडताना हाच दोष उलट दिशेने प्रकटतो.

'अर्नाळा' या नावात रफार आहे. र, हलन्त, न असे टंकल्यावर रफार 'न'च्या माथ्यावर जातो. पुढे काना टंकला की तो कान्याच्या माथ्यावर सरकतो. 'न'वरील जुना रफार पुसला नाही तर एकाच अक्षरावर दोन रफार दिसतात. 'निर्मळ' या नावात वेलांटी व रफार दोन्ही असल्याने चाचणीसाठी ते विशेष उपयोगी ठरते. 'चिंचोटी' आणि 'तुंगारेश्वर' यांतील अनुस्वार आणखी एक अडचण दाखवतो. अनुस्वाराला स्वतःची रुंदी बहुधा नसते. प्रत्येक संकेताची रुंदी मोजून तेवढाच आयत अग्राह्य ठरवणाऱ्या आज्ञावलीत येथे शून्य रुंदीचा, म्हणजेच रिकामा आयत तयार होतो. रिकाम्या आयतासाठी पुनर्रेखन होत नाही आणि अनुस्वार टंकूनही दिसत नाही. पुढचे अक्षर टंकल्यावर तो अवचित उगवतो. 'वऱ्हाड' किंवा 'दऱ्या' यांतील अर्धा र काही वेळा अदृश्य जोडसंकेत वापरून लिहिला जातो. त्या संकेतालाही रुंदी नसते, पण त्याच्या येण्याने आधीच्या अक्षराचे रूप पालटते.

यावरील उपाय तत्त्वतः सोपा आहे: पुनर्रेखनाचे एकक संकेत नसून संपूर्ण अक्षरगट मानावा. बदल जेथे झाला तो अक्षरगट जेथे सुरू होतो तेथपासून ओळीच्या शेवटापर्यंतचा भाग अग्राह्य करावा, आणि जुन्या व नव्या अशा दोन्ही रूपांनी व्यापलेली जागा त्यात धरावी. अक्षरगटाच्या सीमा स्वतः ठरवण्याऐवजी विंडोजमधील युनिस्क्राइब, किंवा हार्फबझ यांसारख्या आकारणी संचांकडून त्या विचाराव्यात. युनिस्क्राइब व मंगल हा देवनागरी टंक यांसह विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली. त्यापूर्वीच्या आज्ञावलींची स्थिती निराळी होती. श्री-लिपी, कृतीदेव यांसारख्या संकेतबद्ध टंकांत वेलांटी हे सुटे चिन्ह असते व टंकलेखन यंत्राच्या धर्तीच्या कळफलकावर ते व्यंजनाआधी टंकले जाते, त्यामुळे 'विरार'चा वरील दोष तेथे उद्भवत नाही. व्हिज्युअल बेसिक ६ (१९९८) मधील मूळ नियंत्रणे युनिकोड दाखवू शकत नसल्याने त्यांत मराठीसाठी असेच टंक वापरावे लागत. अशी आज्ञावली युनिकोडवर आणताना मजकुराचे रूपांतर केले जाते, पण अक्षरागणिक रेखाटन करणारा भाग तसाच राहून जातो आणि पूर्वी नसलेले दोष नव्याने दिसू लागतात.

उंचीचाही प्रश्न आहे. आज्ञावलीने रोमन टंक मागितला आणि त्यात देवनागरी नसली, तर संचालन प्रणाली दुसरा टंक योजते. त्याची उंची वेगळी असते. ओळीचा आयत मूळ टंकाच्या मापाने काढला असल्यास वेलांटीचे वळण व रफार वरून, तर उकार खालून कापला जातो. आणि मजकूर बदलल्यावर आयताबाहेर उरलेले तुकडे पुसले जात नाहीत. शिवाय एकाच शब्दाचे तुकडे करून ते वेगवेगळ्या आज्ञांनी काढल्यास शिरोरेषेत खाच किंवा गडद ठिपका दिसतो. रोमन लिपीत अक्षरांमध्ये मोकळी जागा असल्याने हा दोष तेथे लपून राहतो.

निदान

पहिली चाचणी साधी आहे. दोष दिसत असताना खिडकी लहान करून पुन्हा पूर्ववत करावी. चित्र सुधारले तर रेखाटनाचा भाग बरोबर असून विनंती राहिली आहे, किंवा तिचा आयत अपुरा आहे. चित्र तसेच राहिले तर चूक रेखाटनात किंवा माहितीतच शोधावी लागते. केवळ दुसरी खिडकी वर आणून बाजूला करणे ही जुनी युक्ती आजच्या प्रणालींवर निरुपयोगी ठरते, कारण झाकण्या-उघडण्याने आता पुनर्रेखनाचा संदेश येत नाही.

दुसरी चाचणी म्हणजे प्रत्येक पुनर्रेखनाच्या वेळी अग्राह्य भागाला आधी निरनिराळा फिका रंग देणे. यामुळे कोणता भाग किती वेळा काढला जातो ते उघड दिसते. एका अक्षरासाठी अख्खी खिडकी रंग बदलत असेल तर लुकलुकण्याचे कारण सापडते. स्विंगमध्ये डीबगग्राफिक्स या सोयीने असेच चमकवून दाखवता येते. वस्तू परत न करण्याचा दोष विंडोजच्या टास्क मॅनेजरमधील 'जीडीआय ऑब्जेक्ट्स' या स्तंभात कळतो. आकडा सतत चढत असल्यास वेगळा पुरावा लागत नाही.

उपाय

बहुतेक दोष एका शिस्तीने टळतात. खिडकीत काय दिसायला हवे याची संपूर्ण नोंद स्मृतीत असावी, रेखाटन करणारा भाग केवळ त्या नोंदीवरून चित्र काढणारा असावा, आणि नोंद बदलणाऱ्या प्रत्येक ठिकाणी पुनर्रेखनाची विनंती असावी. वस्तू एका जागेवरून दुसरीकडे हलली असल्यास जुनी व नवी अशा दोन्ही जागा अग्राह्य कराव्यात. जुनी विसरल्यानेच मागे ठसे राहतात. पडदा १२५ टक्के अशा प्रमाणात मोठा केलेला असेल, तर आयताच्या कडा अपूर्णांकात येतात. तेव्हा डावी व वरची कड खालच्या, तर उजवी व तळाची कड वरच्या पूर्णांकात धरावी, अन्यथा एक चित्रबिंदू जाडीच्या रेघा शिल्लक राहतात.

लुकलुकण्यावर दुहेरी बफर हा प्रस्थापित उपाय आहे. संपूर्ण चित्र आधी स्मृतीत तयार करून ते एकदम पडद्यावर आणले जाते. स्विंगमध्ये व क्यूटीच्या चौथ्या आवृत्तीपासून (२००५) ही सोय आपोआप मिळते. विंडोज फॉर्म्समध्ये डबलबफर्ड हा गुणधर्म चालू करावा लागतो. मात्र विनंतीच राहिली असेल, तर दुहेरी बफरचा काही उपयोग नाही.

दीर्घ काम वेगळ्या थ्रेडवर न्यावे आणि पडद्यावरील बदल मात्र मूळ थ्रेडकडेच सोपवावेत. त्याऐवजी व्हिज्युअल बेसिकमध्ये डूइव्हेंट्स ही आज्ञा मध्येच पेरण्याचा प्रघात होता. तिने थांबलेले संदेश हाताळले जातात व खिडकी जिवंत वाटते, पण त्या संदेशांत केवळ पुनर्रेखन नसते, कळ दाबल्याचे संदेशही असतात. पहिली नोंद साठवली जात असतानाच 'जतन करा' हे बटण पुन्हा दाबले गेले, तर तेच काम त्याच्याच पोटात दुसऱ्यांदा सुरू होते आणि पावती दोनदा नोंदली जाऊ शकते. दिसण्यातला दोष दूर करताना येथे माहितीत दोष शिरतो. जागोजागी रिफ्रेश पेरण्याचा परिणाम एवढा घातक नसला, तरी विनंत्या एकत्र करण्याचा लाभ त्यामुळे जातो आणि आज्ञावली मंदावते.

संयोजक व्यवस्था

मॅक ओएस टेन (२००१) मध्ये क्वार्ट्झ, एक्स विंडोमध्ये २००४ पासून कम्पोझिट ही जोड आणि विंडोज व्हिस्टामध्ये (२००७) डेस्कटॉप विंडो मॅनेजर यांमुळे प्रत्येक खिडकीचे चित्र स्वतंत्र साठवून शेवटी एकत्र जुळवण्याची पद्धत रूढ झाली. विंडोज ८ पासून ही व्यवस्था बंद करता येत नाही. झाकलेली खिडकी उघडताना दिसणारे पांढरे पट्टे व ओढलेल्या खिडकीच्या रांगा यांमुळे नाहीशा झाल्या.

परंतु साठवलेले चित्र हे आज्ञावलीने शेवटी जे काढले तेच असते. तालुक्याच्या चौकटीत जुने नाव राहिले असेल, तर संयोजक ते जुने नावच निष्ठेने दाखवत राहतो. पूर्वी दुसरी खिडकी वरून गेली की असा दोष आपसूक दुरुस्त होई. आता तो दीर्घकाळ तसाच राहू शकतो. जुन्या यंत्रांवर वर्षानुवर्षे निर्दोष भासलेल्या काही आज्ञावलींत नव्या प्रणालीवर आल्यावर 'शहापूर' अडकून बसण्यासारखे दोष दिसू लागतात, त्याचे एक कारण हे आहे.